गॅरार्ड : जवाहिऱ्यांच्या पेढीतून निघालेली फिरकी

धागाकर्ता : रेकॉर्डपेटी

जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा विषय निघाला की आपल्याकडे भोंग्यापुढे बसलेला कुत्रा आठवतो आणि सगळे श्रेय एचएमव्हीच्या खात्यावर जमा होते. परंतु पेटीवर नाव कोणाचेही असले तरी तबकडी फिरवणारी यंत्रणा पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची असे, आणि ब्रिटनमध्ये ती तिसरी कंपनी बऱ्याच वेळा गॅरार्ड असे. गेली काही वर्षे या कंपनीच्या यंत्रांशी माझी झटापट चालू आहे. त्या निमित्ताने जे वाचले, जे उघडून पाहिले, ते येथे मांडतो. चुका असतील तर जाणकारांनी दुरुस्त कराव्यात.

गॅरार्ड हे मूळ नाव लंडनच्या जवाहिऱ्यांचे. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने या पेढीची राजघराण्याचे जवाहिरे म्हणून नेमणूक केली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्याला अंतरमापक हवे होते. दोन टोकांना भिंगे असलेल्या नळीतून लक्ष्याच्या दोन प्रतिमा पाहायच्या, त्या एकमेकींवर बसवायच्या आणि त्यासाठी किती फिरवावे लागले त्यावरून अंतर काढायचे, असे त्या काळच्या अंतरमापकाचे साधारण काम असे. त्यात केसाएवढी चूकही तोफगोळा भलतीकडे पाठवू शकते. असे काम करणारे हात जवाहिऱ्यांच्या पेढीत होते, म्हणून १९१५ मध्ये ‘गॅरार्ड इंजिनिअरिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. हिरे-माणकांच्या पेढीला तोफांच्या कामासाठी कारखाना काढावा लागला, ही त्या युद्धाचीच एक तऱ्हा म्हणावी लागेल.

युद्ध संपले आणि अंतरमापकांची मागणीही संपली. कारखाना आणि कारागीर मात्र होते तेथेच होते. त्याच सुमारास ग्रामोफोनच्या बाजारात चावीच्या मोटारींना गिऱ्हाईक होते, कारण युद्धाआधी अशा मोटारी जर्मनीकडून येत असत. गॅरार्डने हे काम उचलले आणि बस्तान स्विंडनला हलवले. स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिन कारखान्याचे गाव. तेथे घरटी एक तरी माणूस लेथ नाहीतर कानस हाताळणारा, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. न्यूकॅसल स्ट्रीटवरचा गॅरार्डचा कारखाना पुढे कित्येक दशके त्या गावातल्या हजारो लोकांचे पोट भरत होता.

चावीची मोटार वरवर साधी वाटते, पण तिच्यातली खरी अडचण तिच्या ताकदीची नसून समतेची आहे. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असताना जोर जास्त असतो आणि ती सुटत जाते तसा तो कमी होतो, तरीही तबकडी पहिल्या ओळीपासून शेवटच्या तानेपर्यंत एकाच वेगाने फिरली पाहिजे. त्यासाठी आत एक गव्हर्नर असतो. उभ्या-आडव्या दातेरी चाकांच्या शेवटी एक बारीक आस गरागरा फिरतो आणि त्याच्यावर पातळ पोलादी पट्ट्यांनी तीन शिशाच्या गोळ्या अडकवलेल्या असतात. वेग वाढला की गोळ्या बाहेर फेकल्या जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते, ती नमद्याच्या किंवा कातड्याच्या तुकड्याला घासते आणि वेग पुन्हा जागेवर येतो. हा तुकडा वाळला की गाणे थरथरते. पुष्कळ लोक स्प्रिंग बदलत बसतात आणि त्या तुकड्याला दोन थेंब तेल दाखवत नाहीत.

माझे म्हणणे असे की गॅरार्डने आयुष्यभर मुख्यत्वे एकच वस्तू विकली, ती म्हणजे एकसारखी फिरकी. ध्वनिमुद्रण त्यांनी केले नाही, त्यांच्याकडे गायक-वादक नव्हते, आणि त्यांचे सर्वांत नावाजलेले यंत्र तर टोनआर्मशिवाय (म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीशिवाय) आणि लाकडी पेटीशिवाय विकले जात असे.

विजेची मोटार आल्यावर प्रश्न थोडा बदलला. १९३० च्या सुमारास ‘२०१’ हे यंत्र आले. प्रसारण केंद्रे आणि व्यावसायिक वापर डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या अशा यंत्रांना तेव्हा ‘ट्रान्स्क्रिप्शन’ दर्जाची म्हणत, आणि बाजारात बऱ्यापैकी चाललेले त्या जातीचे पहिले यंत्र म्हणून २०१ चा उल्लेख होतो. त्याबरोबरच गॅरार्डने एकावर एक रचलेल्या तबकड्या आपोआप पाडून वाजवणारी यंत्रे काढली. घरोघरी गेली ती हीच यंत्रे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘आरसी ८०’ सारख्या यंत्रांनी अमेरिकेत मोठी बाजारपेठ मिळवली. तेथे ब्रिटिश इंडस्ट्रीज कॉर्पोरेशन ही कंपनी त्यांची वितरक होती.

आणि मग आले ‘३०१’. त्यामागचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत कोलंबियाने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी काढली आणि पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. ब्रिटनमध्ये डेक्काने १९५० मध्ये लाँग प्ले स्वीकारली, तर ईएमआयला त्यासाठी १९५२ उजाडावे लागले. जुन्या ७८ च्या तबकड्या तर घरोघरी होत्याच. म्हणजे गंभीरपणे ऐकणाऱ्या माणसाला आता तीन वेग हवे होते, आणि तिन्ही सारखेच पक्के. नव्या तबकडीची खाच इतकी बारीक झाली होती की ७८ च्या खरखरीत दबून जाणारी मोटारीची घरघर आता सुईतून सरळ कानापर्यंत येऊ लागली. गॅरार्डच्या एडमंड मॉर्टिमर यांनी या दोन्ही अडचणींना दिलेले उत्तर म्हणजे ३०१. ते १९५४ च्या सुमारास बाजारात आले. १९६५ मध्ये एरिक मार्शल यांनी नवे रूप दिलेले ‘४०१’ त्याच्या जागी आले.

दरम्यान १९६० मध्ये प्लेसी या मोठ्या कंपनीने गॅरार्ड विकत घेतली होती. १९७९ मध्ये प्लेसीने ती ब्राझीलच्या ग्रॅदिएंते कंपनीला विकली आणि स्विंडनचे उत्पादन थोड्याच काळात आटोपले. इतक्या चांगल्या कंपनीचे असे का झाले, यावर मला येथे चर्चा हवी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : प्लेसीने ही कंपनी बुडवली.

लेथवाला

लेख आवडला. मी यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण मी तीन ३०१ पूर्ण उघडून पुन्हा जोडली आहेत आणि त्यातले एक दोनदा.

३०१ मध्ये मोटार स्प्रिंगांवर टांगलेली असते, म्हणजे तिची थरथर चौकटीत कमीत कमी उतरावी. मोटारीच्या आसावर तीन पायऱ्यांची पितळी पुली असते. पुली आणि तबकडीचा थाळा यांच्यामध्ये रबराची कड असलेले एक चाक येते. या चाकाला आपण सगळे आयडलरच म्हणतो. पुली चाकाला फिरवते आणि चाक थाळ्याच्या आतल्या कडेला फिरवते. वेग बदलताना चाक पायरीगणिक वरखाली होते. थाळा ओतीव ॲल्युमिनियमचा असून वजनाला पावणेतीन किलोंच्या आसपास भरतो.

आता बारीक गोष्ट पाहा. यंत्र बंद करताना खटका फिरवला की आयडलर पुलीपासून मागे सरकतो. स्वस्त यंत्रांत तो तसाच चिकटून राहतो आणि महिनाभर न वापरल्यास रबरावर पुलीच्या आकाराचा खळगा पडतो, मग दर फेरीला टक टक असा आवाज येतो. ३०१ मध्ये ते टाळलेले आहे.

वेगाचे बारीक समायोजनही डोक्याने केलेले आहे. मोटारीच्या आसावर ॲल्युमिनियमची एक चकती असते आणि बाहेरच्या बटणाने एक कायमचा चुंबक तिच्यावर पुढे-मागे सरकवता येतो. फिरत्या चकतीत त्यामुळे भोवरेदार प्रवाह निर्माण होतात आणि ते तिला मागे ओढतात. कोठेही स्पर्श नाही, म्हणून झीजही नाही. चावीच्या मोटारीतल्या नमद्याचे काम येथे चुंबक करतो. धागाकर्त्यांनी ‘एकसारखी फिरकी’ म्हटले आहे, त्याला हा चांगला दाखला ठरावा.

सुरुवातीच्या राखाडी रंगाच्या यंत्रांत मुख्य बेअरिंग ग्रीसचे आहे. खाली एक टोपी असते, ती थोडी पिळली की ग्रीस वर चढते. नंतरची दुधी रंगाची यंत्रे तेलाच्या बेअरिंगची आहेत. परदेशी बाजारात राखाडी ग्रीसवाल्याला जास्त भाव मिळतो. मला विचाराल तर नीट साफ केलेल्या दोन्हींत डोळे मिटून फरक सांगणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

नवशिका_७८

एक भाबडा प्रश्न विचारतो. आजोबांच्या पेटीवर कुत्र्याचे चित्र आहे, त्यामुळे ती एचएमव्हीची हे उघड आहे. मग एचएमव्ही आणि गॅरार्ड यांचा नेमका संबंध काय? दोन्ही एकाच मालकाच्या होत्या का?

रेकॉर्डपेटी

नवशिका, प्रश्न भाबडा नाही. एचएमव्ही हे ‘द ग्रामोफोन कंपनी’चे चिन्ह. ती कंपनी तबकड्या काढत असे, आणि यंत्रेही करत असे. लंडनजवळ हेझ येथे तिचा मोठा कारखाना होता आणि भारतात कोलकात्याजवळ डमडम येथे होता. आपल्या नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या बहुतेक तबकड्या त्या डमडमहूनच येत. १९३१ मध्ये ही कंपनी आणि ब्रिटनमधील कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली. गॅरार्ड या कुटुंबातली नव्हे. ती सुटे भाग आणि संपूर्ण फिरती यंत्रणा करून इतरांना विकणारी स्वतंत्र कंपनी होती. तुमच्या पेटीतली मोटार कोणाची आहे हे थाळा काढून पाहिल्याखेरीज कळणार नाही. थाळा वरच्या बाजूला सरळ उचलावा, तिरका करू नये, नाहीतर आस वाकतो.

ताळेबंद

धागाकर्त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. ‘मोठ्या कंपनीने छोटी गिळली आणि बुडवली’ ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण तारखा तिला साथ देत नाहीत. प्लेसीने १९६० मध्ये गॅरार्ड घेतली. ४०१ आली १९६५ मध्ये, म्हणजे प्लेसीच्याच काळात. झिरो १०० हे नव्या प्रकारच्या आर्मचे यंत्र आले १९७१ मध्ये, तेही प्लेसीच्या काळात. कमी पैशांत चांगले ऐकू इच्छिणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी ज्याच्यावर वाढली ते ‘एसपी २५’सुद्धा याच वर्षांतले. बुडवायचीच असती तर एवढा खर्च कोणी केला नसता.

माझ्या मते गॅरार्डला चारी बाजूंनी एकाच वेळी घेरले गेले. खालच्या अंगाला बर्मिंगहॅम साउंड रिप्रोड्यूसर्स, म्हणजे बीएसआर, होती. १९३२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने तबकडी बदलणारी यंत्रे इतकी स्वस्त केली की रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत, करणारे कारखाने तिच्याकडे वळले. वरच्या अंगाला स्वित्झर्लंडची थोरेन्स होती आणि तिची टीडी १२४ व्यावसायिक दर्जात ३०१ शी बरोबरी करत होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अकूस्टिक रिसर्चने साध्या रबरी पट्ट्यावर चालणारे यंत्र आणले. पट्टा मोटारीची घरघर थाळ्यापर्यंत पोहोचूच देत नाही आणि करायलाही स्वस्त पडतो, त्यामुळे आयडलरचे सगळे कसब एका पट्ट्यापुढे फिके पडले. उरले होते ते १९७० मध्ये टेक्निक्सच्या एसपी १० ने केले. तिच्यात मोटारीचा आसच थाळ्याचा आस झाला. पुली नाही, चाक नाही, पट्टाही नाही.

गॅरार्डचा पैसा येत होता तो आपोआप तबकडी बदलणाऱ्या यंत्रांतून. ३०१ आणि ४०१ ही तिची अब्रू होती, पोट नव्हते. लोकांनी तबकड्या एकावर एक रचून ऐकणे सोडले, कारण त्याने तबकडी झिजते हे सर्वांना कळून चुकले होते, आणि तेथेच पोटाला चिमटा बसला.

लेथवाला

ताळेबंद यांचे म्हणणे बव्हंशी पटते, परंतु पट्ट्याने आयडलरला ‘फिके’ पाडले हे मला मान्य नाही. पट्टा ताणला जातो. जाड खाचेत जड पिकअप, म्हणजे सुईचे डोके, ओरखडत असेल, विशेषतः ७८ च्या तबकडीवर, तर मोठा आवाज आला की थाळ्यावरचे ओझे वाढते आणि पट्टा किंचित मागे पडतो. आयडलरमध्ये मोटारीचा जोर थेट कडेवर येतो. जपानमधल्या शौकिनांनी ३०१ आणि ४०१ जपून ठेवल्या त्या काही केवळ रंगासाठी नव्हेत. मात्र त्या जोराबरोबर घरघरही येते आणि ती मारायला जड बैठक लागते. माझी पेटी सागवानी फळ्यांचे थर चिकटवून केली आहे आणि ती उचलायला दोन माणसे लागतात. घरात या विषयावर बोलणे मी टाळतो.

कोनमापक

झिरो १०० चा उल्लेख आला म्हणून त्याबद्दल लिहितो, कारण ते यंत्र म्हणजे गॅरार्डच्या शेवटच्या काळाचा आरसाच आहे.

तबकडीची मूळ खाच कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या यंत्रावरचा टोनआर्म मात्र एका बिजागरीवर फिरतो, म्हणून त्याची सुई कमानीच्या मार्गाने जाते. परिणामी खाच ज्या दिशेने कोरली आहे आणि सुई ज्या दिशेने उभी आहे त्यांत तबकडीच्या बहुतेक भागावर थोडा तिरकेपणा राहतो. नेहमीच्या नऊ इंची आर्मवर नीट जुळणी केली तर हा तिरकेपणा दोन अंशांच्या आसपास आवरता येतो. झिरो १०० मध्ये तो पूर्ण घालवण्यासाठी मुख्य आर्मला समांतर एक दुसरी बारीक दांडी दिली आणि सुईचे डोके आर्मच्या टोकावर स्वतंत्र वळेल असे केले. आर्म जसजसा आत सरकेल तसतशी दुसरी दांडी डोक्याला वळवत जाते आणि सुई सतत खाचेच्या दिशेने राहते.

भूमितीच्या दृष्टीने हे फार सुंदर आहे. मात्र दोन अंशांचा दोष घालवण्यासाठी त्यांनी जास्तीच्या बिजागऱ्या पत्करल्या. प्रत्येक बिजागरीत घर्षण असते आणि वर्षे गेली की ढिलाईही येते. माझ्याकडच्या यंत्रात डोक्याची बिजागरी इतकी सैल झाली होती की बोट लावले तर ते हलताना दिसे. म्हणजे तिरकेपणा गेला आणि डुगडुग आली. ३०१ करणाऱ्या कंपनीने नको तेथे चतुराई केली असे मला ते यंत्र पाहताना नेहमी वाटते. तिची जाहिरात मात्र चांगली होत असणार, कारण दोष शून्य हे सांगायला सोपे आहे.

रेकॉर्डपेटी

ताळेबंद आणि कोनमापक यांचे प्रतिसाद वाचून मी माझे विधान थोडे मागे घेतो. प्लेसीने बुडवली असे म्हणण्याऐवजी असे म्हणावे लागेल की लष्करी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिफोनची कामे करणाऱ्या त्या मोठ्या घरात गॅरार्डचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. थेट फिरणाऱ्या मोटारीवर वेळीच पैसा घालायला हवा होता, तो इकडेतिकडे गेला. अमेरिकेतल्या वितरकाशी पुढे वाट वेगळी झाली आणि त्या ब्रिटिश इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनने सत्तरच्या दशकात स्वतःच्या नावाची, पट्ट्यावर चालणारी यंत्रे बाजारात आणली. ज्याने दुकान मांडून दिले तोच समोर दुकान थाटून बसला, ही गोष्ट मात्र मी विसरणार नाही.

पुणेरी_स्पीकर

येथे कोणी अजून लिहिले नाही म्हणून सांगतो. या कथेचा शेवटचा अंक आपल्या जवळचा आहे. गॅरार्डचे नाव ग्रॅदिएंतेकडे पडून होते. मधल्या काळात इंग्लंडमधल्या लॉरिक्राफ्ट नावाच्या छोट्या कंपनीने जुनी ३०१ आणि ४०१ दुरुस्त करणे चालू ठेवले होते आणि परवाना घेऊन ५०१ नावाचे नवे आयडलर यंत्रही काढले होते. दुसरीकडे ससेक्समधल्या स्टेनिंग गावी एसएमई ही कंपनी होती. अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती छोट्या प्रतिकृतींचे (स्केल मॉडेल) भाग करत असे, आणि ‘स्केल मॉडेल इक्विपमेंट’, म्हणजे एसएमई, हे नावही त्यावरूनच पडले. त्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक टोनआर्म केला, तो ऐकणाऱ्यांना आवडला आणि १९५९ पासून तो विक्रीला आला. ३०१ वर एसएमईचा बारा इंची आर्म ही जोडी तेव्हापासून अनेकांच्या स्वप्नातली आहे.

आपल्या पुण्याच्या केडन्स ऑडिओच्या समूहाने २०१६ मध्ये एसएमई घेतली आणि २०१८ मध्ये गॅरार्डचे नावही घेतले. त्यानंतर स्टेनिंगला जुनी ३०१ पूर्ण खोलून, नवे भाग घालून, एसएमईच्या आर्मसह पुन्हा विक्रीला येऊ लागली. दोन कंपन्यांची यंत्रे साठ वर्षे लोकांच्या घरी एकत्र नांदली आणि त्यांचे मालक एक झाले ते पुण्याच्या माणसांमुळे. किंमत विचारू नये, विचारल्यास बसून विचारावी.

नवशिका_७८

सर्वांचे आभार. आता माझी अडचण सांगतो. वरचे सगळे वाचण्याआधीच मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३०१ घेऊन बसलो आहे. यंत्र अमेरिकेतून आले. त्याची अवस्था चांगली आहे, थाळा न अडखळता फिरतो, पण गाणे रडल्यासारखे वाजते. आजीकडे स्त्री-गायिकेची एक नाट्यगीताची ७८ ची तबकडी आहे, ती लावली तर पुरुष गात आहे असे वाटते. हार्मोनियम घेऊन पाहिले. वडील म्हणतात गाणे काळी पाचचे आहे, पण माझ्याकडे ते पांढरी पाचमध्ये वाजते. वेगाचे बटण शेवटपर्यंत फिरवले तरी फारसा फरक पडत नाही. मोटार कमजोर झाली आहे का? विक्रेता आता उत्तर देत नाही.

लेथवाला

मोटार ठणठणीत आहे. तुमच्याकडे साठ सायकलची पुली आली आहे.

ही मोटार विजेच्या वारंवारतेनुसार फिरते. अमेरिकेत ती सेकंदाला ६० आवर्तने असते आणि आपल्याकडे ब्रिटनप्रमाणे ५०. म्हणून गॅरार्ड दोन्हींसाठी वेगळी पुली देत असे. अमेरिकेची पुली बारीक, आपली जाड. बारीक पुली ५० वर चालवली की वेग एक षष्ठांशाने कमी होतो. ७८ चे ६५ होतात आणि ३३⅓ चे अठ्ठावीसच्या जरा खाली. सुरांच्या हिशेबाने हा तीन पट्ट्यांचा फरक आहे. काळी पाचवरून तीन पट्ट्या खाली मोजा, बरोबर पांढरी पाच येते. तुमच्या वडिलांचा कान पक्का आहे. चुंबकाच्या बटणाने थोडेफार टक्के इकडेतिकडे होतात, सतरा टक्के नव्हेत.

उपाय एकच, ५० सायकलची पुली बसवणे. पुलीच्या बाजूला बारीक स्क्रू असतो तो सैल करून जुनी काढावी. नवी बसवताना उंची जपावी, नाहीतर आयडलर पायरीच्या कडेवर चढतो. आणखी एक, जोडणी ११० व्होल्टवर असेल तर ती आधी २३० साठी बदला. आजवर तुम्ही ती ट्रान्सफॉर्मरवरून चालवत असाल असे धरतो, नसाल तर आधी मोटारीची क्षमा मागा.

कोनमापक

नवशिका, शिवाय सुईसुद्धा पाहा. ७८ च्या खाचेला सुईचे टोक लाँग प्लेच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद लागते. बारीक सुई लावलीत तर ती खाचेच्या तळाशी धूळ खात फिरेल आणि तुम्ही पुन्हा मोटारीला दोष द्याल. एरवी इंग्लंडमध्ये ७८ च्या तबकड्या १९६० च्या आसपास थांबल्या, आपल्याकडे त्या त्यानंतरही साधारण दशकभर निघत होत्या. त्यामुळे तिन्ही वेगांचे यंत्र आपल्या घरांत जास्त काळ कामाचे राहिले.

नवशिका_७८

ट्रान्सफॉर्मर होता, त्यामुळे मोटार वाचली. पुली मागवली आहे. बसवल्यावर वेग बरोबर आहे हे कसे तपासायचे? मोबाइलवर मोजणारे ॲप चालेल का?

रेकॉर्डपेटी

ॲप चालेल, पण थाळ्यावर ठेवायची रेघांची छापील चकती अधिक मजेशीर आहे; वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात. आपल्या विजेवरचा निऑन दिवा किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. ३३⅓ साठी चकतीवर बरोबर १८० रेघा लागतात. ७८ साठी ७७ रेघा घेतात आणि त्याने वेग ७७.९२ येतो. रेघ अर्धी छापता येत नाही, म्हणून ब्रिटनचे ७८ हे खरे तर ७७.९२ आणि अमेरिकेचे ९२ रेघांवर ७८.२६. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग करू नका. बहुतेक एलईडी नीट लुकलुकत नाहीत आणि रेघा नुसत्या धूसर दिसतात.

नवशिका_७८

काल रात्री पुली बसवली. उंची जुळवायला तीन वेळा काढावी लागली. घरात जुनी ट्यूबलाइट फक्त मोरीपाशी उरली आहे, म्हणून यंत्र स्टुलावर ठेवून वायर लांबवून तेथे नेले. सुरुवातीला ७७ रेघा हळूहळू पुढे सरकत होत्या, म्हणजे वेग किंचित जास्त होता. चुंबकाचे बटण साधारण पाव फेरा फिरवले आणि रेघा जागच्या जागी थांबल्या. मग यंत्र परत खोलीत आणले, रुंद सुई लावली आणि आजीची तबकडी ठेवली. वडील हार्मोनियम घेऊन बसलेच होते. त्यांनी काळी पाच दाबली आणि तबकडी संपेपर्यंत तीवरचे बोट उचलले नाही.